रुपयावरचा राप

चांदीचा रुपया हाती आला म्हणजे पूर्वीचा सराफ तीन प्रकारे त्याची परीक्षा करी. फरशीवर टाकून तो त्याचा नाद ऐके, तराजूत घालून वजन पाही, आणि तरीही शंका उरली तर कसोटीच्या दगडावर कस लावी. या परीक्षांतून आपल्या भाषेला किती शब्द मिळाले आहेत! खणखणीत, कसास उतरणे, बट्टा लागणे हे सारे सराफकट्ट्यावरचे बोल. रंगाची परीक्षा मात्र सराफाच्या शास्त्रात गौण होती. काळवंडलेला रुपया आणि लख्ख रुपया त्याच्या लेखी सारख्याच मोलाचे, कारण दोन्हींतील चांदी तीच.

आजकाल नाणी जमविणाऱ्यांमध्ये हा क्रम पार उलटला आहे. नाणे पुढे ठेवले की पहिला प्रश्न येतो तो रंगाचा. निळ्या, जांभळ्या, सोनेरी झाकेचा रुपया त्याच सालच्या साध्या रुपयाहून महाग विकला जातो, आणि म्हणूनच हा रंग काळाने चढविला की कोणा माणसाने, हा वाद उत्पन्न होतो. या रंगाला मी ‘राप’ म्हणतो. उन्हापावसाने माणसाची कातडी रापते, तशी हवेने चांदी रापते. राप खरा की बनावट हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत, त्या पुढे सांगणारच आहे. परंतु मला जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते असे की, हा प्रश्न वरवर रसायनाचा दिसला तरी मुळात इतिहासाचा आहे. नाणे आजवर कोठे होते, कोणी कसे ठेवले, याची जी हकीकत सांगितली जाते, तिच्याशी नाण्याचा रंग जुळतो का, एवढेच आपल्याला तपासावयाचे असते.

प्रथम राप म्हणजे काय ते पाहू. चांदीला गंज चढत नाही असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. लोखंडाप्रमाणे तिला हवेतील प्राणवायूचे भय नाही. तिचे वैर गंधकाशी. कुजणारा पाला, गटारे, कोळशाचा धूर यांतून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू अल्प प्रमाणात हवेत मिसळत असतो. हवेत ओल असली की त्याची आणि चांदीची गाठ लवकर पडते, आणि नाण्याच्या पृष्ठावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरू लागतो. पनवेलकरांना या नात्याचे नवल वाटू नये. १८७२ पासून आमच्या गावी धूतपापेश्वराचा औषधी कारखाना प्रसिद्ध आहे. पारा आणि गंधक घालून, पुटामागून पुटे देऊन रौप्यभस्म करावयाचे, ही आयुर्वेदाची जुनी रीत. पांढरीशुभ्र चांदी त्यात काळी होऊन बाहेर येते. वैद्य जे अग्नीच्या साहाय्याने करतो, तेच हवा पृष्ठभागापुरते वर्षानुवर्षे करीत असते.

मग काळ्या थरातून निळा-जांभळा रंग कोठून येतो? तो रंग थराचा नसून प्रकाशाचा असतो. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर तेलाचा थेंब पसरला की त्यात इंद्रधनुष्य दिसते, त्यातलाच हा प्रकार. काही प्रकाश थराच्या वरच्या अंगावरून परततो, काही खालच्या चांदीवरून परततो, आणि दोहोंच्या मिलाफातून काही रंग उठतात, काही विझतात. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रकाशावरील ग्रंथात अशा पातळ थरांच्या रंगांचा क्रम बारकाईने मांडला होता. चांदीवरही हा क्रम ठरलेला आहे. थर मिलिमीटरच्या लाखाव्या भागांत मोजण्याइतका पातळ असतो तेव्हा फिकट गवती पिवळा रंग दिसतो. तो वाढला की सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग गडद निळा, मग फिकट आकाशी. पुढे पुन्हा पिवळा, गुलाबी, आणि मग हिरवा. शेवटी करडा आणि काळा. या जिन्याची पायरी गाळून वर जाता येत नाही. पांढऱ्या चांदीला लागूनच एकदम हिरवा पट्टा दिसला, मध्ये पिवळा नाही, जांभळा नाही, तर समजावे की येथे कोणीतरी घाई केली आहे.

आता पनवेलीकडे वळू. आजचे पनवेल महामार्गांचे, लोकल गाड्यांचे आणि उंच इमारतींचे. २०१६ साली येथे महानगरपालिका झाली आणि २०२५ साली शेजारी विमानतळ उभा राहिला. परंतु जुने पनवेल हे बंदर होते. मुंबईहून माल पडावांनी खाडीतून येथे उतरे आणि बैलगाड्यांत चढून घाटावर जाई. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला तेव्हा ही वाहतूक वाढली. देशावरच्या वाटेने चालणाऱ्या प्रत्येक गाडीला पनवेलची चाके असतात, असे इंग्रजी गॅझेटियरात नमूद आहे. १८६३ साली रेल्वे कर्जतवरून घाट चढून गेली आणि पनवेल बाजूला पडले. तरी भाताचा आणि मिठाचा व्यापार राहिला, आणि व्यापाराबरोबर चांदीही राहिली.

१८३५ पूर्वी या वाटेने एकच रुपया चालत नसे. अंकुशी, चांदवडी, सुरती असे नाना छापांचे रुपये, आणि प्रत्येकाचा बट्टा निराळा. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या मुलुखाला एक रुपया दिला: वजन १८० ग्रेन म्हणजे आजचे ११.६६ ग्रॅम, त्यात अकरा भाग चांदी आणि एक भाग हीण. हा रुपया नेमका एक तोळा भरे, म्हणून वजन म्हणूनही तो तराजूत पडू लागला. १८९३ पर्यंत कोणीही आपली चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. रुपया म्हणजेच चांदी आणि चांदी म्हणजेच रुपया, अशी लोकांची खूणगाठ बसली ती तेव्हापासून, आणि शिल्लक टाकावयाची तर रुपयांत टाकावी ही सवयही तेव्हाचीच.

हे शिलकीचे रुपये कोठे राहत? कमरेच्या कशात, खारव्याच्या पिशवीत, पितळेच्या डब्यात, धान्याच्या कणगीत, क्वचित भिंतीतल्या कोनाड्यात. आणि हवा कसली? एका बाजूला खाडी, खाजण, तिवरांची दाटी, मिठागरे. चार महिने कोसळणारा पाऊस. ओहोटीच्या वेळी खाजणाच्या चिखलातून जो कुजका वास येतो तो याच हायड्रोजन सल्फाइडचा. अशा गावात चांदी रापावयास वेळ लागू नये. मग पनवेलच्या घराघरांतून रंगीत रुपये निघावेत, नाही का?

प्रत्यक्षात ते निघत नाहीत, आणि याचे कारण आपली दिवाळी आहे. अश्विनातल्या अमावास्येला लक्ष्मीपूजनासाठी डब्यातले रुपये बाहेर येतात. पूजेला काळी चांदी कशी चालेल? म्हणून चिंच लावून, राखेने अगर रांगोळीने घासून, रिठ्याच्या पाण्यात बुडवून ते लख्ख केले जातात. चिंचेचे आम्ल आणि रांगोळीची खर या दोहोंपुढे वर्षभराचा राप टिकत नाही. त्याच्याबरोबर दर वेळी चांदीचाही अंश जातो आणि पृष्ठावर केसासारखे बारीक ओरखडे उमटतात. पन्नास-साठ दिवाळ्या पाहिलेल्या रुपयावर राणीच्या केसांच्या बटा बोटाला लागत नाहीत. त्या रुपयाच्या अक्षरांच्या सांध्यांत भिंगातून पाहिले तर पिवळे-लाल कण दिसतात. ते हळदकुंकू असते. नाणकशास्त्राच्या दृष्टीने असे नाणे ‘घासलेले’ म्हणून खालच्या प्रतीत जाते. माझ्या मते ते आपली हकीकत प्रामाणिकपणे सांगणारे नाणे आहे: मी एका घरात होतो, आणि दर वर्षी माझी पूजा झाली.

रंगाला भाव आला तो आपल्याकडे नव्हे, अमेरिकेत. आणि त्या कथेचा एक धागा आपल्या रुपयापर्यंत येतो. पहिल्या महायुद्धात चांदी कडाडली, हिंदुस्थानात रुपयांचा तुटवडा पडला, आणि १९१७ अखेर सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. तेव्हा १९१८ साली अमेरिकेने पिटमन कायदा करून आपल्या खजिन्यातले सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळविले, आणि त्यातील बहुतेक चांदी ब्रिटिश सरकारच्या मार्फत हिंदुस्थानासाठी दिली. १९१८ ते १९२० च्या दरम्यान पाडलेल्या पंचम जॉर्जच्या रुपयांत ही चांदी मिसळली आहे. जे डॉलर वितळले नाहीत, ते कॅनव्हासच्या पिशव्यांतून अंधाऱ्या तळघरांत पुढे कित्येक वर्षे पडून राहिले. कापडातल्या गंधकाने पिशवीला चिकटलेल्या डॉलरांवर इंद्रधनुष्ये चढली. कापडाची वीणसुद्धा कित्येकांवर उमटली. १९६० नंतर ते बाहेर आले आणि हौशी लोक त्यांवर तुटून पडले. एकाच चांदीची ही दोन भावंडे: एक तळघरात निजून रंगीत झाले, दुसरे कोकणात येऊन चिंचेने घासले गेले.

जेथे भाव तेथे नक्कल. बंद पिशवीत उकडलेल्या अंड्याचे तुकडे नाण्याबरोबर ठेवले तर काही तासांत पिवळेपणा येतो. गंधक आणि पोटॅश यांच्या पाण्यात बुडविले तर काही क्षणांत. आपल्या सोनाराला यात नवे काही नाही. ज्यांना बाजारात ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिने म्हणतात, त्यांचा काळेपणा ऑक्साइडचा नसून याच सल्फाइडचा असतो. आणि येथेच परीक्षेची खरी अडचण आहे. माणसाने चढविलेला थर आणि काळाने चढविलेला थर हे रसायनाच्या दृष्टीने एकच द्रव्य. भेद फक्त वेगाचा. म्हणून परीक्षकाने पदार्थ शोधावयाचा नसतो, वेग शोधावयाचा असतो.

हे सारे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. काही महिन्यांपूर्वी आमच्या आळीतला एक तरुण १८४० चा रुपया घेऊन माझ्याकडे आला. एका बाजूला राणी व्हिक्टोरियाचे मुकुटहीन मस्तक, दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनीचे नाव. आणि दोन्ही बाजूंवर मोरपिसासारखे निळे-हिरवे पट्टे. विकणाऱ्याने सांगितले होते की, बंदराकडचा एक जुना वाडा पाडताना पायाखाली मडके निघाले, त्यातला हा रुपया. मोबदला म्हणून पैसे नकोत. या तरुणाच्या आजीच्या डब्यातले अकरा रुपये द्यावेत, म्हणजे झाले. त्याने ते अकराही बरोबर आणले होते. आजीची संमती होती, पण मनापासून नव्हती, हे त्याच्याच बोलण्यावरून दिसत होते.

आधी वजन केले. ते साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरले. कडेच्या खाचा सारख्या होत्या, छाप टांकसाळीचाच होता. मग रुपया खिडकीशी नेऊन, कड धरून, उजेडात हळूहळू फिरविला. ज्या नाण्याची मूळ चकाकी शाबूत असते, त्यावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो, आणि खरा राप त्या चकाकीच्या वर पारदर्शक पडद्यासारखा दिसतो. येथे उजेड फिरेना. रंग निर्जीव पृष्ठावर चिकटवल्यासारखा दिसत होता. भिंगाखाली कारण कळले. रंगाच्या खाली समांतर बारीक ओरखडे होते, म्हणजे रुपया पूर्वी चांगलाच घासला गेला होता. आणि रंग त्या ओरखड्यांत उतरून बसला होता, म्हणजे तो घासण्यानंतरचा होता. निळ्याला लागून थेट पांढरी चांदी, मध्ये पिवळ्याचा मागमूस नाही. राणीचा झिजलेला गाल आणि मोकळा पट दोन्हींवर एकच छटा. खरा राप पुष्कळदा अक्षरांच्या अगदी कडेला थोडा मागे सरतो, तेथे फिकट रेघ सोडतो. येथे तो अक्षरांवरून सरळ वाहत गेला होता.

राहिली मडक्याची गोष्ट. खाडीकाठच्या ओल्या, खारट जमिनीत शे-दीडशे वर्षे राहिलेल्या चांदीवर मोरपीस उमटत नाही. तेथे गंधकापेक्षा मीठ बलवान. चांदीवर क्लोराइडचे करडे, मेणचट कवच चढते, आणि रुपयातले तांबे हिरवट होऊन बाहेर पडते. रंग एक सांगत होता आणि विकणारा दुसरेच. शिवाय त्याची गोष्ट खरी असती तर ती त्याच्याच अंगाशी आली असती. १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन जिल्हाधिकाऱ्यास कळविणे भाग आहे.

“म्हणजे काका, नाणे खोटे?” त्याने विचारले.

“नाणे खरे आहे. रंग खोटा आहे, आणि गोष्टही खोटी आहे.”

मग आम्ही आजीचे अकरा रुपये मांडले. दहा लख्ख, गुळगुळीत, अक्षरांत कुंकू असलेले. अकरावा १९१९ चा. तो पूजेत नसे. आजीच्या वडिलांनी दिला म्हणून तो पेटीत, पातळाच्या गाठीत बांधून ठेवलेला. त्याच्या कडेने फिकट पिवळी कड होती, ती आत येता येता सोनेरी आणि मग किंचित तांबूस-जांभळी झाली होती, आणि एका बाजूला कापडाच्या विणीची पुसट जाळी. डोळ्यांत भरावे असे त्यात काही नव्हते. पण क्रम बरोबर होता, खालची चकाकी जिवंत होती, आणि आजी जे सांगत होत्या तेच नाणे सांगत होते. कदाचित त्यातली काही चांदी अटलांटिक ओलांडूनही आली असेल. अदलाबदल झाली नाही.

सर्वच नाण्यांचा निकाल इतका सोपा नसतो, हे मान्य केले पाहिजे. गंधकयुक्त कागदात गुंडाळून एखाद्याने रुपया मुद्दाम पाच-सात वर्षे उन्हाच्या खिडकीत ठेवला, तर त्याला काय म्हणावे? थर सावकाश चढला, क्रमाने चढला. हेतू तेवढा कृत्रिम. भिंगाला हेतू दिसत नाही. अशा ठिकाणी जाणता परीक्षक ‘सांगता येत नाही’ असे म्हणतो, आणि ते उत्तर कमी प्रतीचे समजू नये. जेथे नाणे मुके होते, तेथे कागद बोलू शकतो. कोणी, केव्हा, कोठून आणले याची चार ओळींची चिठ्ठी नाण्याबरोबर असेल तर ती कोणत्याही इंद्रधनुष्याहून मोलाची. इतिहासाच्या अभ्यासकाला पत्राची तारीख जशी, तशी नाण्याला ही चिठ्ठी. दुर्दैवाने आपल्या घरांतून रुपये जपले जातात, चिठ्ठ्या जपल्या जात नाहीत. वाडे पडत आहेत, पेट्या उघडत आहेत, वडिलार्जित डबे तोळ्याच्या भावाने आटणीत जात आहेत. आटलेल्या रुपयाचा प्रश्नच मिटला. पण जो वाचला, त्याची हकीकत ठाऊक असलेले माणूस घरात असेल तोवरच ती लिहून घेतली पाहिजे.

आजींनी त्या दिवशी निरोप पाठविला होता: यंदा लक्ष्मीपूजनाला रुपये धुवायचे की नाही? मी कळविले ते येथेही लिहून ठेवतो. जे दहा वर्षानुवर्षे पूजेत आहेत ते साध्या पाण्याने धुवावेत, मऊ फडक्याने टिपून घ्यावेत, पुसू नयेत. चिंच, रांगोळी, दातांची पेस्ट, सोनाराचे उजळा देण्याचे पाणी, यांपैकी काही लावू नये. पूजेला शुद्धता हवी, ती पाण्याने होते. अकराव्याला तेवढेही नको. त्याला कडेने धरून पाटावर ठेवावे आणि पुन्हा कोरड्या सुती कापडात गुंडाळावे. रबराचे बंद आणि मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या दूर ठेवाव्यात, कारण एकात गंधक असते आणि दुसऱ्यातून चिकट हिरवा मळ सुटतो. आणि कापडात गुंडाळण्यापूर्वी कोऱ्या कागदाच्या तुकड्यावर वडिलांचे नाव, गावाचे नाव आणि रुपया मिळाला ते साल लिहून तो कागद डब्याच्या झाकणाला आतून लावावा. आजींना साल आठवत होते. तरुणाने ते लिहून घेतले.